चष्मा कोणाच्या डोळ्यांवर?

किरणोत्सारी पदार्थांना हात न लावता ते हाताळता यावेत म्हणून अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत एक यांत्रिक हात बनवला गेला होता. जाड काचेच्या अलीकडे माणसाने मूठ फिरवावी आणि पलीकडच्या पोलादी पंजाने तशीच हालचाल करावी, अशी त्याची घडण. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या संगणकशास्त्र विभागात फ्रेड ब्रुक्स यांनी असा एक हात आणवला आणि पंजाच्या जागी संगणक जोडला. आता मूठ फिरवली की पडद्यावर औषधाचा रेणू फिरायचा. तो प्रथिनाच्या खाचेजवळ नेला की दोघांमधले आकर्षण आणि प्रतिकर्षण संगणक मोजायचा आणि त्या प्रमाणात यांत्रिक हात माणसाची मूठ ओढायचा किंवा मागे रेटायचा. रसायनशास्त्रज्ञाच्या हाताला रेणू लागत होता.

ब्रुक्स हे आयबीएमच्या सिस्टम/३६० या संगणकांच्या निर्मितीची धुरा वाहिलेले गृहस्थ. पुढे ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी. रेणूंचे हे काम त्यांनी १९६७ मध्ये सुरू केले आणि त्याचा सगळा हिशेब १९९० मध्ये एका निबंधात मांडला. नुसते पडद्यावर पाहून रेणू बसवणाऱ्यांपेक्षा हाताला जोर जाणवणाऱ्यांचे काम सुमारे दुपटीने सरस झाले, हा त्याचा निष्कर्ष. तेवीस वर्षांचा खटाटोप आणि फळ काय, तर ‘सुमारे दुप्पट’. आजच्या जाहिरातींच्या मापाने हा आकडा अगदीच मिळमिळीत. मला मात्र तो फार विश्वासाचा वाटतो. एक तर तो मोजून काढलेला होता. दुसरे असे की, वेगापेक्षा मोलाची गोष्ट वेगळीच आहे, हे त्याच निबंधात सांगितलेले होते: नेटाने काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांना रेणू कुठे बसतो, कुठे अडतो आणि का, याची जाण पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली येऊ लागली होती.

आभासी वास्तव आणि संवर्धित वास्तव यांचा विज्ञान-संशोधनातला वापर हा या पुस्तकाचा विषय. बोलताना सगळे व्हीआर आणि एआर म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे. व्हीआरमध्ये भोवतालचे खरे जग झाकून टाकतात आणि डोळ्यांपुढे संगणकाने रचलेले जग ठेवतात. एआरमध्ये खरे जग दिसत राहते आणि त्यावर संगणकाची चित्रे, रेषा, अक्षरे चढतात. दोन्हींत एक अट समान आहे. डोके वळले, पाऊल पडले, हात हलला की दृश्यानेही त्याच क्षणी तसे बदलायला हवे. थिएटरचा पडदा कितीही मोठा केला तरी ही अट पुरी होत नाही, म्हणून त्याला व्हीआर म्हणता येत नाही. आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. आयआयटी आणि पुण्याच्या सीओईपीसारख्या संस्थांनी मिळून चालवलेला ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ हा उपक्रम विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. ब्राउझरमध्ये करायचे ते प्रयोग उपयुक्त आहेत, पण त्यांचा या पुस्तकाशी संबंध नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो, कारण तो बहुतेक पुस्तकांत सापडतो. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली की मेंदू त्यांतून खोली उभी करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसवायचा पहिला संगणकी चष्मा दाखवला. डोक्याची हालचाल मोजणारी त्याची दांडी छताला टांगावी लागे. गंमत म्हणजे आजच्या भाषेत तो एआर होता. काचेतून खोलीही दिसायची. त्यात रेषांनी काढलेल्या ज्या आकृत्या तरंगायच्या त्यांत सायक्लोहेक्झेनचा एक रेणू होता. म्हणजे खेळ आणि करमणूक नंतर आली, रेणू पहिल्या दिवसापासून होता. पुढे नासाच्या एम्स केंद्रातले काम, जॅरन लनिएर यांची व्हीआर कंपनी, शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात कॅरोलिना क्रूझ-नेरा, डॅनियल सँडिन आणि थॉमस डीफँटी यांनी बनवलेली आणि १९९२ मध्ये लोकांपुढे आलेली ‘केव्ह’ नावाची खोली, जिच्या भिंतींवर आणि जमिनीवर दृश्य पडते. ही साधने श्रीमंत प्रयोगशाळांपुरती होती. २०१२ मध्ये ऑक्युलस कंपनीने लोकवर्गणीतून स्वस्त हेडसेटचे काम सुरू केले, २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी विकत घेतली, आणि मोबाइल फोनसाठी तयार होणारे पडदे आणि संवेदक वापरल्याने किंमत एकदम खाली आली. आता एखाद्या संशोधक विद्यार्थ्यालाही हेडसेट टेबलावर ठेवता येतो. याहून जास्त इतिहास इथे लागत नाही.

हे पुस्तक वाचताना एक प्रश्न सतत मनात ठेवावा, असे मी सुचवीन: चष्मा कोणाच्या डोळ्यांवर आहे? काही प्रयोगांत तो शास्त्रज्ञाच्या डोळ्यांवर असतो. आपली माहिती, आपले रेणू, आपला मंगळ त्याला आत शिरून पाहायचा असतो. काही प्रयोगांत तो ज्याचा अभ्यास चालला आहे त्याच्या डोळ्यांवर असतो, म्हणजे उंदराच्या, माशीच्या, टोळाच्या किंवा प्रयोगाला आलेल्या माणसाच्या. वर्तमानपत्रांत फोटो येतात ते पहिल्या प्रकाराचे. नवे विज्ञान जास्त हाती आले ते दुसऱ्या प्रकारातून, असे माझे मत आहे, आणि ते का हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना लांबली आहे.

पहिला प्रकार आधी. ब्रुक्स यांनी जिथे काम सोडले तिथून ते उचलणारे अनेक जण निघाले. ब्रिस्टल विद्यापीठात डेव्हिड ग्लोवाकी यांच्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यांतला नमुनेदार. लोकांना तीन कामे दिली: मिथेनचा रेणू कार्बनच्या सूक्ष्म नलिकेतून आरपार ओवायचा, हेलिसीन नावाच्या मळसूत्री रेणूचा पीळ उलटा करायचा आणि प्रथिनाच्या एका छोट्या साखळीला गाठ मारायची. तीच कामे माऊस-कीबोर्डवर, टचस्क्रीनवर आणि व्हीआरमध्ये करून घेतली. रेणू चित्रातले नव्हते. त्यांची गणिते त्याच वेळी दूरच्या संगणकावर सुटत होती, त्यामुळे चुकीच्या बाजूने ओढले की रेणू हिसका देऊन परत जायचा. व्हीआरमध्ये कामे लवकर झाली, काही तर दहा पटींपर्यंत. हालचाल तिन्ही मितींत जितकी गुंतलेली तितका फायदा मोठा. हे वाचून आश्चर्य वाटायचे कारण नाही. बुटाची नाडी माऊसने बांधायला सांगितली तर आपली काय गत होईल याचा विचार करावा. पुढे करोनाच्या काळात याच पद्धतीने सार्स-कोव्ह-२ विषाणूच्या मुख्य प्रोटीएझ या विकरात रेणू बसवून पाहिले गेले.

यातून एक कसोटी हाती येते. प्रश्नातच हात, पाऊल किंवा नजर गुंतलेली असेल तर हेडसेटचा उपयोग होतो. नसेल तर तो अडगळ ठरतो.

भूशास्त्रज्ञाचा धंदा पायांचा. खडकाभोवती फिरून, वाकून, थर कुठल्या कोनात कलला आहे ते पाहून तो निष्कर्ष काढतो. मंगळावर त्याला पाय ठेवता येत नाही. क्युरिऑसिटी गाडीने पाठवलेली छायाचित्रे पडद्यावर जोडून पाहिली तर एखादा उंचवटा किती लांब, किती चढाचा, याचा अंदाज हमखास चुकतो. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या एआर हेडसेटवर चालणारी ‘ऑनसाइट’ ही प्रणाली त्यासाठी बनवली. २०१५ मध्ये ती जाहीर झाली आणि २०१८ मध्ये नासाचा त्या वर्षीचा सॉफ्टवेअर पुरस्कार तिला मिळाला. वेगवेगळ्या गावांतले शास्त्रज्ञ आपापल्या कचेरीत उभे राहून एकाच मंगळभूमीवर भेटू शकतात आणि ‘हा खडक’ म्हणून बोट दाखवू शकतात. पडद्यावर पाहणाऱ्यांशी तुलना केली तेव्हा अंतर आणि कोन ओळखण्यात ऑनसाइट वापरणारे सरस ठरले. इथे एक मेख आहे. हेडसेटमध्ये माणूस अंतरे खऱ्यापेक्षा कमी धरतो, हे प्रयोगांत वारंवार दिसून आले आहे. आतले पडदे डोळ्यांपासून काही बोटांवर असतात आणि भिंगांमुळे ते साधारण दीड-दोन मीटरवर असल्यासारखे दिसतात. खडक पाच मीटरवर असो की पन्नास, डोळ्याचे भिंग त्याच एका अंतरावर जुळवून ठेवावे लागते, बुबुळे मात्र वेगवेगळ्या कोनांत वळतात. डोळ्यांच्या दोन साक्षींत फूट पडते. म्हणून ‘पडद्यापेक्षा बरे’ आणि ‘बरोबर’ यांत अंतर राहते, आणि हे सांगणारा शास्त्रज्ञ मला जास्त भरवशाचा वाटतो.

खगोलशास्त्रातला धोका याहून सूक्ष्म आहे. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. उदासीन हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरी टिपणे हे अशा दुर्बिणींचे एक मोठे काम. तिथून येणारी माहिती ठोकळ्यासारखी रचतात. ठोकळ्याच्या दोन बाजू म्हणजे आकाशातल्या दोन दिशा. तिसरी बाजू लहरींच्या वारंवारतेची. डॉप्लर परिणामामुळे तिच्यावरून वायू किती वेगाने जवळ येतो किंवा दूर जातो ते कळते. दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट या ६४ अँटेनांच्या दुर्बिणीच्या अशाच ठोकळ्यांत शिरून पाहण्यासाठी केप टाऊनमधल्या आणि इटलीतल्या संशोधकांनी ‘आयडाव्ही’ ही व्हीआर प्रणाली तयार केली आहे. दीर्घिकेपासून निघालेले वायूचे फिके शेपूट स्वयंचलित सॉफ्टवेअरच्या नजरेतून निसटते, किंवा गोंगाटालाच ते शेपूट समजते. सरावलेला खगोलज्ञ ठोकळ्यात उभा राहून ते हाताने रंगवून वेगळे काढतो. उत्तम सोय आहे. पण आत उभ्या असलेल्या माणसाने विसरू नये की पुढेमागे दिसणारी खोली ही अंतराची नाही, वेगाची आहे. चपटी फिरती दीर्घिका तिथे पिळलेल्या पट्ट्यासारखी दिसते, कारण तिची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते. कागदावरच्या आलेखात ही चूक सहसा होत नाही; अक्षावर लिहिलेले असते. व्हीआरमध्ये शरीरच साक्ष देते की ही जागा आहे, आणि शरीराची साक्ष खोडून काढणे बुद्धीला जड जाते.

या पहिल्या प्रकाराबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्यातले बरेचसे पाहुण्यांना दाखवण्यासाठी असते. भल्या मोठ्या खोल्या बांधल्या गेल्या, उद्घाटने झाली, मंत्री आणि देणगीदार चष्मे लावून आत हात हलवून गेले, आणि दुसऱ्या दिवशी संशोधक आपल्या साध्या मॉनिटरकडे परतले. त्यात त्यांचा हट्ट नव्हता. संशोधनाचा बहुतेक वेळ माहिती स्वच्छ करण्यात, आकडे ताडून पाहण्यात, टिपणे लिहिण्यात जातो आणि हेडसेट लावून धड टिपणही घेता येत नाही. आपल्याकडेही आता महाविद्यालयांत व्हीआर कक्ष उभे राहत आहेत. त्या खरेदीआधी मोजायचे काय आहे, हे एका कागदावर लिहून काढावे, एवढीच विनंती.

एआरचे काम शांतपणे पुढे गेले आहे. गूगलच्या संशोधकांनी साध्या सूक्ष्मदर्शकाच्या प्रकाशमार्गात एक छोटा पडदा बसवला. विकृतिशास्त्रज्ञ काचपट्टी सरकवत असताना संगणक तेच दृश्य पाहतो आणि लसीकाग्रंथींत पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाचा किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय येईल तिथे नेत्रिकेतच रेषेने कुंपण घालतो. डॉक्टरला मान वर करावी लागत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत ऑलिव्हर क्रायलॉस आणि सहकाऱ्यांनी बनवलेली वाळूची पेटी तर मुलांचे खेळणे वाटावे अशी. वर कॅमेरा आणि प्रोजेक्टर. हाताने वाळूचा डोंगर केला की त्यावर तत्क्षणी समोच्च रेषा उमटतात, पंजा धरला की आभासी पाऊस पडून पाणी उतारावरून वाहते. सह्याद्रीचे नकाशे वाचताना दमणाऱ्या आपल्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांना ही पेटी मिळाली तर शिक्षकाचे निम्मे श्रम वाचतील. तिचे सॉफ्टवेअर मोफत आहे.

आता दुसरा प्रकार.

मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात काही पेशी अशा असतात की प्राणी ठरावीक जागी आला की त्या पेटतात. जॉन ओकीफ यांनी उंदरांत त्या १९७१ मध्ये दाखवल्या. मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्यासह त्यांना २०१४ चे नोबेल मिळाले. या ‘स्थान-पेशी’ पेटतात हे बाहेरून ऐकू येत होते. पेटण्याआधी पेशीच्या आत काय घडते, हे पाहायचे तर काचेचे अतिसूक्ष्म टोक जिवंत पेशीत खुपसून ठेवावे लागते, आणि पळणाऱ्या उंदराच्या डोक्यात ते टिकणे जवळपास अशक्य. प्रिन्स्टनमध्ये डेव्हिड टँक यांच्या प्रयोगशाळेने प्रश्न उलटा केला: उंदराचे डोके स्थिर ठेवू आणि जगच पळवू. हवेच्या झोतावर तरंगणाऱ्या थर्माकोलच्या चेंडूवर उंदीर धावतो, चेंडू फिरतो, आणि त्या फिरण्याप्रमाणे भोवतालच्या वळणदार पडद्यावरचा बोळ पुढे सरकतो. चेंडूचे फिरणे मोजायला काय वापरले, तर संगणकाचा माऊस! क्रिस्टोफर हार्वी, डॅनियल डोंबेक, टँक आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. धावत्या प्राण्याच्या स्थान-पेशीच्या आतले विद्युत चढउतार त्यात नोंदले गेले. आभासी बोळ नसता तर ते हाती येणे फार दुरापास्त होते.

प्राण्याचे डोके धातूच्या पट्टीने जखडून ठेवणे काही वाचकांना खटकेल. खटकावेच. त्या चर्चेसाठी पुस्तकात जागा ठेवली आहे.

पण उंदराला ते जग खरे वाटत होते का? लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मयंक मेहता यांच्या गटाने हा प्रश्न धसास लावला. त्यांचे उंदीर मोठ्या जातीचे, रॅट म्हणतात ते. आभासी खोलीत ते व्यवस्थित वावरत, बक्षिसाच्या जागी बरोबर जात. वागण्यावरून पाहिले तर सगळे आलबेल. मेंदूत मात्र वेगळेच चालले होते. खऱ्या खोलीत ज्या पेशी बोलक्या होत्या त्यांतल्या सुमारे ६० टक्के आभासी जगात गप्प झाल्या. २०१३ मध्ये सरळ वाटेवरचे आणि पुढे मोकळ्या मैदानासारख्या आभासी खोलीतले निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केले. मैदानात तर उरलेल्या पेशींचेही ‘ही माझी जागा’ असे ठामपणे सांगणे जवळजवळ नाहीसे झाले होते. डोळे सांगत होते की पुढे चाललो आहोत. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा, मिशा आणि नाक यांच्याकडून दुजोरा येत नव्हता.

हे वाचून कोणी म्हणेल, चला, व्हीआरचे पितळ उघडे पडले. मला उलट वाटते. एकेक इंद्रिय वेगळे काढून त्याचा वाटा तपासण्याची सोय दुसऱ्या कुठल्या उपकरणाने इतकी सहज दिली नव्हती. प्रिन्स्टनमध्येच दिमित्री अरोनोव्ह आणि टँक यांनी २०१४ मध्ये अशी मांडणी केली की उंदराला आभासी जगात स्वतःचे अंग पूर्ण वळवता यावे. त्या मांडणीत दोन मितींतल्या स्थान-पेशी खऱ्या जगातल्यासारख्याच वागताना दिसल्या. म्हणजे शरीराचे वळणे हा नकाशाचा मोठा आधार असावा. दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष वरवर एकमेकांविरुद्ध दिसतात आणि त्यांच्या मधल्या फटीतूनच खरी माहिती बाहेर येते. माणसाला एमआरआय यंत्रात आडवे झोपवून आभासी गल्ल्यांतून फिरवणारे आणि त्यावरून स्मृतीबद्दल निष्कर्ष काढणारे कितीतरी प्रयोग झाले आहेत. तिथेही कान सांगतच असतो की तू पाठीवर पडला आहेस. ते सगळे निष्कर्ष टाकून द्यावेत असे नाही, पण वाचताना हे ध्यानात असावे.

पडद्याऐवजी प्रत्यक्ष चष्माही आता उंदरासाठी तयार झाला आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये स्मार्ट घड्याळांत वापरतात तसले छोटे गोल पडदे घेऊन तो बनवला. वरून झेपावणारी काळी सावली त्यात दाखवली तेव्हा पहिल्यांदा पाहणारे जवळजवळ सगळे उंदीर दचकून उडाले. मोठ्या पडद्यांच्या जुन्या मांडणीत त्याच सावलीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नव्हते. इतकी वर्षे ज्या पडद्यांवर भिस्त होती ते उंदराच्या लेखी फारसे खरे नसावेत, असा याचा एक अर्थ निघतो.

कीटकांकडे वळू. बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीबीएसमध्ये, शॅनन ओल्सन यांच्या गटाने माश्यांसाठी आभासी जग उभे केले. आपल्याला हवे ते झाड माशी दुरून कसे शोधते, हा प्रश्न. खऱ्या बागेत माशीच्या मागे धावणे शक्य नाही. माशी एका बारीक तारेला चिकटवलेली, पंखांची फडफड पाहून तिला कुठे वळायचे आहे ते संगणक ओळखतो आणि भोवतालची आभासी झाडे त्याप्रमाणे फिरवतो. नुसते दृश्य नाही. वाराही हव्या त्या दिशेने येतो आणि वासही. सफरचंदावरची माशी तिथे आभासी झाडाकडे वळते. हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक इंद्रियांना एकदम सामावून घेणारी ही मांडणी आपल्या देशात झाली, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

त्याच वर्षी मे महिन्यात वाळवंटी टोळांचे थवे अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांपर्यंत येऊन पोहोचले होते. थाळ्या वाजवणारे शेतकरी आणि फवारणीचे बंब अनेकांना आठवत असतील. टोळांची पिल्ले उडू लागण्याआधी जमिनीवरून लाखोंच्या संख्येने एका दिशेने चालतात. ही दिशा कोण ठरवते? बरीच वर्षे मान्य असलेले उत्तर असे होते की, प्रत्येक टोळ शेजाऱ्याच्या दिशेशी आपली दिशा जुळवतो आणि गर्दी पुरेशी दाट झाली की सगळा जमाव आपोआप एका रांगेला लागतो. भौतिकशास्त्रातल्या कणांच्या गणितावरून आलेले ते उत्तर होते आणि दिसायला देखणे. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ इथे इएन कझिन यांच्या गटाने केनियातल्या झुंडींत निरीक्षणे केली आणि मग एकेकट्या टोळाला आभासी टोळांच्या जमावात सोडले. जमाव दाट की विरळ, एका दिशेने चाललेला की विस्कळीत, हे सगळे प्रयोग करणाऱ्याच्या हातात. एका प्रयोगात टोळाच्या डाव्या-उजव्या बाजूंना एकाच दिशेने जाणारे दोन आभासी जथे ठेवले. जुन्या उत्तराप्रमाणे त्याने त्यांच्या बरोबरीने सरळ चालायला हवे होते. तो वळून त्यांतल्या एका जथ्याकडे निघाला. गर्दीच्या दाटपणापेक्षा शेजाऱ्यांच्या चालीतला एकसूत्रीपणा महत्त्वाचा ठरतो, असेही दिसले. २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या या निबंधाने टोळांबद्दलचे पाठ्यपुस्तकी उत्तर मोडीत काढले. शेजाऱ्याची चाल मनाप्रमाणे बदलायची आणि बाकी सगळे तसेच ठेवायचे, हे खऱ्या टोळांच्या झुंडीत करताच येत नाही. माझ्या मते व्हीआरने विज्ञानाला काय दिले याचे हे सर्वांत स्वच्छ उदाहरण.

माणसावरचे प्रयोग सांगताना स्टॅन्ली मिलग्रॅम यांचे नाव टाळता येत नाही. आज्ञा मिळाली की साधीसुधी माणसे दुसऱ्याला विजेचे झटके द्यायला कुठवर तयार होतात, हे त्यांनी येलमध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी तपासले. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते, आणि तसा प्रयोग पुढे नैतिक कारणांनी बंद पडला. मेल स्लेटर यांच्या लंडनमधल्या गटाने २००६ मध्ये तोच प्रसंग व्हीआरमध्ये उभा केला. झटके खायला बसलेली बाई संगणकाने काढलेली, तीही त्या काळच्या ओबडधोबड चित्रांत. ३४ जणांना आधीच माहीत होते की इथे कोणाला काही होणार नाही. तरी ज्यांना ती दिसत आणि ऐकू येत होती त्यांच्या शरीराने, घामाने, हृदयाच्या ठोक्यांनी खऱ्या प्रसंगासारखी प्रतिक्रिया दिली. बुद्धीला माहीत असलेली गोष्ट शरीर मानत नाही, हेच इथे संशोधनाचे साधन बनले. उंचीच्या भीतीवरचे व्हीआर उपचारही याच पायावर उभे आहेत.

याच शरीरातून एक नवी अडचण निघाली आहे. हेडसेट डोके आणि हात कसे हलतात ते सेकंदाला अनेक वेळा नोंदवतो. बर्कली इथल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ‘बीट सेबर’ या खेळाच्या ५५ हजारांहून अधिक खेळाडूंच्या अशा नोंदी तपासल्या. नुसत्या १०० सेकंदांच्या हालचालींवरून संगणकाने ९४ टक्क्यांहून अधिक वेळा माणूस अचूक ओळखला. नाव, चेहरा, आवाज, काहीही न देता. मानसशास्त्राच्या प्रयोगात भाग घेणाऱ्याला आपण लिहून देतो की तुमची ओळख गुप्त राहील. व्हीआरच्या कच्च्या नोंदी खुल्या ठेवल्या तर हे वचन पाळता येत नाही. आपल्याकडच्या संस्थांतल्या नैतिकता समित्यांनी संमतिपत्राच्या मसुद्यात हा मुद्दा आजच घालावा. पुस्तकातले त्याविषयीचे विवेचन समितीच्या सदस्यांनी जरूर वाचावे.

हे पुस्तक हेडसेट कोणता घ्यावा हे सांगत नाही. तसे सांगणारे पान छापून येईपर्यंत शिळे होते. गणित फारसे नाही. बारावीपर्यंत विज्ञान झालेल्या वाचकाला अडू नये. सगळे सलग वाचायला सवड नसेल तर उंदीर आणि टोळ यांच्यावरची प्रकरणे आधी वाचा. मंगळाचे नंतर वाचले तरी चालेल.